प्रवासवर्णनातून गाळलेला दिवस

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात कॅरिबियन समुद्रावरील क्रूझविषयी माझा एक लेख प्रसिद्ध झाला. लेखाचे कौतुक झाले. सहकाऱ्यांनी तो आवर्जून वाचला, एका माजी विद्यार्थिनीने फोन करून 'सर, आम्हीच जाऊन आल्यासारखं वाटलं' असे सांगितले, आणि संपादकांनी पुढील अंकासाठी 'असंच काहीतरी' मागितले. त्या लेखात सूर्यास्त होता, पाण्याच्या निळ्या रंगाच्या पाच-सात छटा होत्या, जहाजावरील अन्नाच्या अमाप पसाऱ्यावर चार विनोद होते आणि अखेरीस अथांगतेपुढे माणसाच्या क्षुद्रत्वाची रीतसर जाणीवही होती. त्यातील एकही वाक्य असत्य नव्हते. तरीही तो लेख खोटा होता, असे आता माझे मत झाले आहे. तो कशामुळे खोटा ठरतो, हे सांगण्यासाठी हे टिपण. आणि हा दोष माझ्या एकट्याचा नसून मराठी प्रवासवर्णनाच्या हाडीमाशी खिळलेला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

माझा लेख सुरू झाला तो किनारा दिसेनासा झाल्यानंतर. त्याआधीचा संबंध दिवस, म्हणजे जहाजावर चढण्याचा दिवस, मी गाळला होता. कारण विचाराल तर त्या दिवसात 'वर्णनीय' असे काही नव्हते: रांगा होत्या, कागद होते, बॅगांच्या पट्ट्या होत्या, प्रतीक्षा होती. आपल्या प्रवासवर्णनाचा संकेतच असा की ही सगळी अडगळ दाराबाहेर ठेवायची आणि मग वाचकाला आत बोलवायचे. मला आता असे वाटते की जहाजाविषयी जे काही खरे आहे ते त्या अडगळीतच आहे.

आधी व्यवहार सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पतीपत्नी फ्लोरिडात धाकट्या भावाकडे गेलो होतो. जहाज सुटायच्या पाच दिवस आधी त्याने संगणकाच्या पडद्यावर भाडे दाखवले. आतल्या बाजूची, खिडकी नसलेली खोली, खोली कोणती ते कंपनी ठरवणार, पाच रात्री. दोघांचे मिळून जे भाडे होते ते मियामीतील बऱ्यापैकी हॉटेलात तितक्याच रात्री काढण्याच्या खर्चापेक्षा कमी होते. यात औदार्य काही नाही. रिकामी खोली घेऊन जहाज सुटले की त्या खोलीचे त्या फेरीचे उत्पन्न कायमचे बुडाले. बाजार उठताना भाजीवाली उरलेल्या जुड्यांचे वाटे करून स्वस्तात देते, तसाच हा हिशेब. शिवाय भाड्यात जे सुटते ते मद्य, जुगार, छायाचित्रे आणि किनाऱ्यावरील सहली यांतून भरून निघते. आम्ही ते वाटे उचलले आणि स्वतःला हुशार समजलो.

परंतु ही 'शेवटच्या क्षणाची' चैन आम्हांला परवडली ती पैशांमुळे कमी आणि पासपोर्टातील एका पानामुळे अधिक. अमेरिकेत वारंवार ये-जा करण्याची मुभा देणारा व्हिसा आधीच चिकटवलेला नसता, तर पाच दिवसांत असा बेत मनात येणेही शक्य नव्हते. त्याच जहाजावर चढण्यासाठी कोकणातील किंवा गोव्यातील तरुणाला काय लागते ते पाहा. सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची सरकारी पुस्तिका, समुद्रावरील सुरक्षिततेचे प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, कंपनीचा करार, आणि अमेरिकेचा खलाशांसाठीचा वेगळा व्हिसा. त्याच्या आयुष्यात शेवटच्या क्षणी चढणे हा प्रकार नसतो. उत्स्फूर्ततेलाही वर्ग असतो, हे वाक्य मी वर्गात अनेकदा उच्चारले आहे. त्याचा अर्थ मला मियामी बंदरावर कळला.

हे बंदर डॉज बेट नावाच्या मानवनिर्मित बेटावर आहे. तेथे सकाळी पोहोचलो तेव्हा आदल्या फेरीचे प्रवासी अजून उतरत होते. चढण्याच्या दिवसाचे रहस्य हेच, की जहाजाच्या दृष्टीने तो उतरण्याचाही दिवस असतो. सकाळी तीनएक हजार माणसे बाहेर पडतात आणि दुपारपासून तितकीच आत येतात. मधल्या काही तासांत प्रत्येक खोलीतील चादरी बदलतात, न्हाणीघरे घासली जातात, अन्नधान्याच्या फळकुट्या चढतात, कचरा उतरतो. आम्ही त्या वेळी खाली रांगेत उभे राहून 'फार वेळ लावतात' असे म्हणत होतो. बॅगा हमालाने घेतल्या, छायाचित्र काढले गेले, हाती एक कार्ड आले. ते कार्ड म्हणजे खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि पैशाचे पाकीट असे तिन्ही एकत्र.

रांगेतून जहाजाचा मागचा भाग दिसत होता. तेथे नावाखाली 'नासाऊ' असे लिहिलेले होते. नासाऊ ही बहामाजची राजधानी. जहाज तेथे नोंदलेले होते. मालक कंपनीचा कारभार फ्लोरिडात, बहुसंख्य प्रवासी अमेरिकन, आणि ध्वज बहामाजचा. या विसंगतीला इतिहास आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परकी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत. फेरी निघाली त्याच बंदरात संपत असली तरी मध्ये एखादे परकी बंदर घ्यावे लागते. असे असूनही कंपन्या परकी ध्वज पसंत करतात, कारण ध्वज ज्या देशाचा, कामगार-कायदे प्रामुख्याने त्या देशाचे. प्रवाशाला जे रम्य बेट वाटते ते जहाजाच्या कागदावर कायद्याची एक गरज असते. आमच्या फेरीत जमैकातील फॅल्मथ होते. अठराव्या शतकात साखर आणि गुलामगिरी यांवर उभे राहिलेले हे बंदर. २०११ साली तेथे क्रूझसाठी स्वतंत्र धक्का बांधला गेला. हे मी माझ्या लेखात लिहिले नव्हते. 'जुन्या वास्तुशैलीचे टुमदार गाव' असे लिहिले होते.

आता ज्या प्रसंगासाठी हे टिपण लिहितो आहे तो सांगितला पाहिजे. जहाजावर चढल्यावर खोल्या तयार होईपर्यंत प्रवाशांना भोजनगृहात बसवतात. मला उतावीळ झाली म्हणून आम्ही आधीच आमच्या मजल्यावर गेलो. अरुंद लांबलचक बोळात चादरींच्या ढिगाऱ्यापाशी गणवेशातील एक माणूस वाकून काम करत होता. आम्हांला पाहताच तो ताठ झाला, हसला, इंग्रजीत म्हणाला की अर्ध्या तासात खोली मिळेल. मी पत्नीकडे वळून मराठीत म्हणालो, "बक्षिशी आधीच बिलात लावलेली असते, म्हणून हे हसणं. त्याचेच पैसे घेतात."

तो माणूस क्षणभर थांबला आणि मराठीत म्हणाला, "दीडला या सर, खोली तयार असेल. बॅगा मात्र संध्याकाळपर्यंत येतील. ताई, पाणी देऊ का?"

त्याच्या छातीवरील पट्टीवर नावाखाली 'इंडिया' असे लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. तो गुहागरच्या बाजूचा होता. आणि मी काय केले, तर त्याला इंग्रजीत उत्तर दिले. 'थँक यू, नो प्रॉब्लेम' असे काहीतरी. मराठीचा एम. ए., मराठीचा अध्यापक, मातृभाषेच्या ऱ्हासावर परिसंवादांत बोलणारा मी, एका मराठी माणसाला मराठीत उत्तर देण्याचे धैर्य दाखवू शकलो नाही. कारण मराठीत उत्तर देणे म्हणजे आधीचे वाक्य मीच बोललो हे मान्य करणे. पत्नीने मात्र बोलायला सुरुवात केली. तिच्यामुळे कळले की करार आठ महिन्यांचा आहे, त्यांतले सहा झाले आहेत, वीसेक खोल्या त्याच्याकडे आहेत, मुलगी चौथीत आहे. "आज घरी फोन होत नाही," तो म्हणाला, "चढायच्या दिवशी नाहीच होत. उद्या करीन."

माझ्या लेखात हा माणूस नव्हता. त्याच्या जागी 'आमच्या दिमतीला सदैव हसतमुख सेवक' असे पाच शब्द होते.

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही मी ऐकलेले आहेत. पहिला आस्वादवाद्यांचा. प्रवासवर्णन हे ललित गद्य आहे, त्याने आनंद द्यावा, अपूर्वाईचा अनुभव द्यावा. कामगारांचे तास आणि जहाजांचे ध्वज यांसाठी अहवाल असतात, असे एका चर्चासत्रात अध्यक्षीय भाषणातच सांगितले गेले. या आक्षेपाला मी आपल्याच परंपरेतून उत्तर देईन. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली पुस्तकरूपाने आला; त्याला मराठी प्रवासवर्णनात मानाचे स्थान आपणच दिले. वरसईचा हा भिक्षुक घर का सोडतो? कर्ज आहे, दारिद्र्य आहे, आणि मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असून तेथे मोठी दक्षिणा मिळेल अशी वार्ता आहे. तो हे लपवीत नाही. कशासाठी निघालो, पैसे कोठून येणार, वाटेत ते कसे गेले, हे सर्व तो सांगतो, आणि १८५७ चा वणवा आपल्याला दिसतो तो या गरजू माणसाच्या नजरेतून. कर्जाचा उल्लेख केल्याने त्याच्या लेखनाचे लालित्य उणावले, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मग आपल्या अलीकडच्या प्रवासवर्णनांतून पैसा नेमका केव्हा नाहीसा झाला? मला वाटते, प्रवास ही गरज न राहता प्रतिष्ठा झाली तेव्हा. तेव्हापासून निवेदक सरळ विमानाच्या खिडकीत जन्म घेतो आणि अनुभवविश्व तेथून पुढे समृद्ध होत जाते.

इंग्रजीतील उदाहरणे घेतली तरी हेच दिसते. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'द मिडल पॅसेज' या १९६२ च्या पुस्तकाचा आरंभ चढण्याच्या दिवसानेच होतो. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर बोटीच्या गाडीसाठी वेस्ट इंडियन स्थलांतरितांची गर्दी आहे, आणि त्रिनिदादमध्येच जन्मलेला निवेदक आपण पहिल्या वर्गात आहोत याचे समाधान पहिल्याच वाक्यात नोंदवतो. कॅरिबियन समाजाविषयीची त्यांची तुच्छता मला मान्य नाही. तिच्यावर त्या प्रदेशातील लेखकांनी पुरेसे प्रहार केले आहेत. पण ती तुच्छता त्यांनी फलाटावरच उघडी ठेवली, हे विसरता येत नाही. वाचकाला पहिल्या वाक्यापासून ठाऊक असते की हा कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहे. मी माझे बोळातील वाक्य गाळून वाचकाचा हा अधिकारच हिरावून घेतला.

डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांनी १९९५ साली एका कॅरिबियन क्रूझवर आठवडा काढला आणि त्यावरील त्यांचा दीर्घ निबंध १९९६ साली 'हार्पर्स' मासिकात आला. त्यात फोर्ट लॉडरडेल येथील चढण्याच्या दिवसाची ताटकळ सविस्तर येते. त्याहून महत्त्वाचा आहे तो त्यांचा एक आक्षेप. कंपनीच्या माहितीपुस्तकात एका नामवंत लेखकाचा, पैसे देऊन लिहवून घेतलेला, निबंध छापलेला होता. वॉलेस यांचे म्हणणे असे की जाहिरात जाहिरातीच्या वेशात आली तर वाचक सावध असतो. ती निबंधाचा वेश घेते तेव्हा निबंध या प्रकारावरील विश्वासच पोखरला जातो. मला कोणी पैसे दिले नव्हते. माझा दिवाळी अंकातील लेख त्याच माहितीपुस्तकात सहज शोभला असता, आणि तो मी फुकट लिहिला होता! आपल्या मराठीत असे फुकटचे जाहिरातलेखन किती होते, याचा शोध एखाद्या विद्यार्थ्याने घ्यावा.

दुसरा आक्षेप आमच्याच पक्षातून येतो, म्हणून तो अधिक धोकादायक आहे. तो वसाहतोत्तर समीक्षेच्या परिभाषेत बोलतो. त्याला बोळातील माणूस दिसताच आनंद होतो, कारण आता रूपक मिळाले! क्रूझ म्हणजे नवे गुलामांचे जहाज, प्रवासी म्हणजे नवा मळेवाला, खोली आवरणारा म्हणजे नवा गिरमिट्या. असा शोधनिबंध मी एका रात्रीत लिहू शकतो, आणि त्याला प्रमाणपत्रही मिळेल. पण हे खरे नाही. आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्या माणसाने करारावर सही केलेली नव्हती. १८४५ च्या ३० मे रोजी 'फतेल रझाक' हे जहाज पोर्ट ऑफ स्पेनला पहिले गिरमिटिये घेऊन आले, आणि १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसे भारतातून एकट्या त्रिनिदादला गेली. त्यांचा करार होता, परंतु काम सोडणे हा त्या करारात फौजदारी गुन्हा होता. गुहागरच्या या माणसाने नोकरी मागून घेतली आहे, तिच्यासाठी प्रशिक्षणाचा खर्च केला आहे, आणि त्या पगारावर त्याचे घर उभे राहते आहे. त्याला रूपक बनवणे म्हणजे त्याचा दुसऱ्यांदा अपमान करणे. पहिला मी बोळात केला होता.

समानता शोधायचीच असेल तर ती कागदांत शोधावी. कलकत्त्याच्या डेपोत जहाजावर चढण्यापूर्वी गिरमिटियाची नोंद होई: नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरील खूण. माणूस कोण, हे चढण्याच्या दिवशी कागद ठरवीत असे. आणि त्याच दिवसाने त्यांना एक नवे नातेही दिले. एकाच जहाजाने आलेले ते 'जहाजी भाई', आणि हे नाते त्रिनिदादमध्ये सख्ख्या नात्याइतके मानले गेले. जात विसरून जुळलेले हे नाते बंदरावर जन्मले, मळ्यावर नव्हे. म्हणजे चढण्याचा दिवस हा केवळ अपमानाचा दिवस नसतो. माणसे एकमेकांना ओळखू लागण्याचाही तो दिवस असतो. एक मराठी माणूस मला त्या दिवशी मराठीत हाक देत होता. नाते नाकारले ते मी.

आणि हे नाते आपल्याला अपरिचित आहे असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी आगबोटींवर खलाशी होते. गोव्याचे तारवटी बोटीच्या प्रतीक्षेत मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कूड' नामक वसतिगृहांत राहत. एका ट्रंकेपुरती जागा, सामायिक देव्हारा, आणि बोट लागल्याची वार्ता येईपर्यंत थांबणे. चढण्याच्या दिवसाची एवढी मोठी संस्कृती आपल्या किनाऱ्यावर असताना, आपण अभ्यासक्रमात प्रवासवर्णन शिकवतो ते फक्त तिकीट काढून गेलेल्यांचे. जो समुद्रावर कामाला गेला त्याच्या पत्रांना, तोंडी आठवणींना आपण प्रवासवर्णन मानत नाही. व्याख्येतच आपण ते कामगार बाहेर ठेवले आहेत.

मग लिहायचे काय? माझे उत्तर अगदी रुक्ष आहे: नोंद. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार २००६ साली झाला, २०१३ पासून अमलात आला, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार खलाशाला कोणत्याही चोवीस तासांत किमान दहा आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, किंवा मग कामाचे तास आठवड्याला ७२ पेक्षा जास्त असता कामा नयेत. यांतील कोणता निकष धरायचा ते देशाने ठरवावे. आठवड्याचे तास १६८; त्यांतून ७७ वजा केले तर ९१ उरतात. म्हणजे पहिला निकष धरला तर ९१ तासांचे काम नियमात बसते. ही वजाबाकी पर्यटकाने एकदा करून पाहावी. ती केल्यावर सूर्यास्त सुंदर दिसायचा थांबत नाही, हा माझा अनुभव आहे. परंतु 'सदैव हसतमुख' हे शब्द मात्र लिहवत नाहीत.

त्या दिवसातील आणखी एक गोष्ट. सुटण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला आणीबाणीत कोठे जमायचे ती जागा दाखवतात. २०१२ च्या १३ जानेवारीला इटलीच्या जील्यो बेटापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे मृत्यू पावली; त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा हा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम कडक झाले. आमच्या जमण्याच्या जागी नारिंगी जाकीट घालून, ते कसे बांधायचे हे दाखवायला उभा होता तो आमचाच खोलीवाला. सकाळपासून चादरी बदलणारा माणूस प्रसंग आला तर आमचा जीव वाचवणार होता. हे त्याच्या कामाचे वर्णन आहे, रूपक नव्हे. त्याने माझे कार्ड तपासले आणि म्हणाला, "सर, पट्टा असा घट्ट ओढायचा." या वेळी मी मराठीत "बरं" म्हणालो. इतकेच.

'तुम्ही स्वतः गेलात, स्वस्तात गेलात, मजा केलीत, मग आता हे उपदेश कशाला?' असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. मी जाऊ नका असे म्हणत नाही. जे गेले आणि ज्यांनी लिहिले, त्यांनी कोणते प्रकरण गाळले हे सांगावे, एवढीच माझी मागणी आहे. यंदापासून एम. ए. च्या वर्गात प्रवासवर्णन शिकवताना मी विद्यार्थ्यांना प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारायला सांगणार आहे: पैसे कोणाचे होते, कागद कोणते होते, आणि निवेदक आराम करत असताना काम कोण करत होते. पहिले पुस्तक म्हणून गोडसे भटजी घेऊ. त्यानंतर माझा दिवाळी अंकातील लेख. त्याच्या छायाप्रती मी काढून ठेवल्या आहेत.

संपादकांना 'असंच काहीतरी' देता येणार नाही, हे मी कळवले आहे. त्यांना हे टिपण पाठवले होते. ते म्हणाले, विषय चांगला आहे, पण दिवाळीला जरा जड होईल.